चौसष्ट दिवस निरंक

"कुलथे, उंबरमाळचे एक ते सोळा जानेवारी काढून द्या. प्रत्येक पानावर तुमची सही पाहिजे," एवढं म्हणून डॉक्टर निकुंभ आत निघून गेले. चहा विचारला नाही. त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. एरवी मी गेलो की आधी चहा, मग काम.

करवंदी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात मी महिन्यातून एकदा नाशिकहून जायचो. तालुका सातपुड्याच्या पायथ्याचा, अर्धा डोंगरात. निकुंभ तिथले तालुका आरोग्य अधिकारी. साथीच्या रोगांची रोजची माहिती गोळा करणारा प्रोग्राम मी त्यांना लिहून दिला होता. सगळा एकट्याने लिहिला होता आणि त्याचा मला भलता माज होता. तालुक्यात सेहेचाळीस उपकेंद्रं, प्रत्येकात एक नर्स. गावात जुलाब किती, कावीळ किती, ताप किती, ते तिने मोबाइलवरून मेसेज करून कळवायचं. इथे कॉम्प्युटरला एक मोडेम जोडलेला, त्यात सिम. मेसेज त्या सिमवर यायचा आणि आकडा आपोआप तक्त्यात जाऊन बसायचा. आकडा पाचच्या वर गेला की ती ओळ लाल. ओळ लाल झाली की डॉक्टरांची गाडी औषधं घेऊन निघायची.

त्या सकाळी एकही ओळ लाल नव्हती. सेहेचाळीस गावं आणि प्रत्येकापुढे हिरव्या अक्षरांत एकच शब्द, निरंक.

सरकारी कचेरीत ज्यांचा वावर नाही त्यांना हा शब्द ठाऊक नसतो. कळवण्यासारखं काही नसलं की रकान्यात निरंक लिहितात. रकाना रिकामा ठेवलेला कुठल्याच साहेबाला चालत नाही. शून्य लिहायचं तर कुणीतरी मोजलेलं असावं लागतं. निरंक लिहायला तेवढीही अट नाही.

मी पानं छापायला लावली. शेजारच्या टेबलावर भामरे भाऊसाहेब सुपारी कातरत बसले होते. तिथले लिपिक, मे महिन्यात निवृत्त होणार होते. माझा प्रोग्राम यायच्या आधी हे काम तेच करायचे. रोज दहा वाजता वही घेऊन बसायचे आणि एकेका नर्सला फोन लावायचे. "बोला सिस्टर, काय आकडा?" पलीकडून निरंक असं ऐकलं की वहीत लिहायचे. वर दोन मिनिटं इकडचं-तिकडचं. दोन तास जायचे त्यात. तो फोन मी बंद केला होता.

"सही करताय का?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"वाचून करा."

"वाचायचं काय त्यात, भाऊसाहेब? सोळा पानं, सोळा वेळा निरंक."

"म्हणूनच म्हटलं."

त्यांचं हे नेहमीचंच होतं. डिसेंबरात मी आलो होतो तेव्हाही मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "साहेब, सेहेचाळीस गावांत महिनाभर एकालाही जुलाब नाही? माझ्या एका घरात याहून जास्त होतात."

"हिवाळा आहे. पाणी स्वच्छ असतं," मी म्हणालो होतो.

"पाणी असेल हो. माणसं तर तीच आहेत ना."

मी हसण्यावारी नेलं. फोनची सवय सुटली म्हणून म्हातारा कुरकुरतोय, असं वाटलं. शिवाय त्याच महिन्यात साथमुक्त तालुका म्हणून जिल्ह्यात आमचा पहिला नंबर आला होता. हाच प्रोग्राम उरलेल्या बारा तालुक्यांत बसवायचा का, हे फेब्रुवारीत ठरणार होतं. अशा वेळी जुलाब का होत नाहीत म्हणून कोण चौकशी करत बसतो?

"बाहेर बाकावर वळवी सिस्टर बसल्यात, पाहिलंत का?" भामऱ्यांनी सुपारी तोंडात टाकली. "उंबरमाळला दोघी गेल्या. आठ तारखेला एक म्हातारी, दहाला चार वर्षांची पोरगी. हगवण. पेपरात आलं, म्हणून जिल्ह्याहून मॅडम आल्यात चौकशीला. सिस्टर म्हणते, मी रोज कळवलं. तुमची ही पानं म्हणतात, नाही कळवलं. आता पान खरं की बाई खरी, ते ठरेल दुपारी. बाई खोटी ठरली तर आजच निलंबन."

मी तेव्हा सोळाव्या पानावर सही करत होतो. ती मी पुरी केली. खाली तारीखही घातली.

वळवी सिस्टरला मी ओळखत होतो. सिंधू वळवी. पस्तिशीच्या असतील, बोलायला थोड्या संथ. सप्टेंबरातल्या बैठकीत उठून उभ्या राहिल्या होत्या. "सर, आमच्या गावात रेंज नाही. मेसेज टाकायला टेकडीवर जावं लागतं, पाऊण तास चढ आहे. एकही पेशंट नसला तरी रोज शून्य पाठवायला चढायचं का?" सगळ्या नर्सेस हसल्या. मला मोठेपणा दाखवायची संधीच हवी होती. मी म्हणालो, "काही नसेल तर पाठवू नका. मेसेज आला नाही की आम्ही निरंक धरू." टाळ्या पडल्या. पाच मिनिटांचं काम होतं, प्रोग्राममध्ये एक ओळ. मी ती तिथेच सगळ्यांसमोर लिहिली.

मी बाहेर गेलो. सिस्टर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मला पाहून उठल्या.

"बसा, बसा. तुम्ही मेसेज कधी पाठवले होते?"

त्यांनी पिशवीतून फोन काढला, साधा बटणांचा. "तीन तारखेपासून दहापर्यंत. आठ पाठवले. हे बघा."

मी बघितले. उंबरमाळ, जुलाब चार. उंबरमाळ, जुलाब सात. पाच तारखेला अकरा. शेवटचा तेवीस, मृत्यू दोन. मी नंबर तपासला, एकेक आकडा बोट ठेवून. आमच्याच सिमचा होता. मला पाठ होता तो.

"सेंट लिहिलंय ना, सर?"

"हो."

"म्हणजे गेला ना?"

"तुमच्या फोनमधून गेला."

त्यांना यातला फरक कुणी कधी सांगितला नव्हता. सांगायचं तर मीच सांगायला हवा होता.

"कुणाला फोन नाही केलात?"

"सहा तारखेला ऑफिसात लावला होता. रविवार होता, कुणी उचलला नाही. मेसेज जात होता, म्हणून परत नाही लावला." त्यांनी बटण दाबून पाच तारखेचा मेसेज पुन्हा काढला. "पाचला अकरा झाले ना, तेव्हाच मी म्हणत होते, पोरीला झोळीत घालू आणि दवाखान्यात नेऊ. सहा तासांची वाट आहे. तिचा बाप तयार होता. पण मीच म्हटलं त्याला, थांब, एवढ्या थंडीत पोरगी वाटेतच जाईल, मी कळवलंय, गाडी येईल. अकरा म्हणजे लाल होतं. लाल झालं की गाडी निघते. तुम्हीच शिकवलं होतं."

"हो."

"सातला मीठ-साखरेच्या पुड्या संपल्या. तरी मी सांगत होते, येईल, येईल." त्यांनी फोन पदराला पुसला. "नोकरीचं नंतर बघू, सर. गावात मला राहायचं आहे. ते विचारतात, तू खरंच कळवलं होतं का? एवढंच मला कागदावर पाहिजे. कळवलं होतं म्हणून."

"बघतो," मी म्हणालो आणि आत आलो.

आत येऊन मी माझ्या मोबाइलवरून मोडेमचा नंबर लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मी तिन्ही ऐकलं.

ठरलेल्या नमुन्यात नसलेले मेसेज माझा प्रोग्राम एका बाजूला टाकून द्यायचा. कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवी, कुणी चुकून घरचं काहीतरी. तो कचरा मी कधीच उघडला नव्हता. आता उघडला. सगळ्यात वर मोबाइल कंपनीचे तीन मेसेज होते. या सिमवरून बाहेर काहीच जात नाही, तीन महिने वापर नसल्यास नंबर बंद करण्यात येईल. बरोबरच होतं त्यांचं. ते सिम नुसतं ऐकायला बसवलेलं, ते कुणाला फोन कशाला करील? तिसरा मेसेज चौदा नोव्हेंबरचा. त्यानंतर काहीच नाही. शुभेच्छाही नाहीत.

मी बोटांवर मोजलं. चौसष्ट दिवस. चौसष्ट दिवस आमचा मोडेम मेलेला होता आणि माझा प्रोग्राम रोज सकाळी सेहेचाळीस गावांपुढे निरंक लिहून तक्ता हिरवा करत होता. पावसाळ्यात हे झालं असतं तर दुसऱ्या दिवशी बोंब झाली असती. हिवाळ्यात कुणाला काही वाटलं नाही. मला तर अभिमान वाटत होता.

भामरे माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून जुनी वही काढली, एक नंबर लावला आणि फोन माझ्या बाजूला धरला.

"सिस्टर, भामरे बोलतोय. दिवाळीनंतर कधी मेसेज टाकला होता का?"

"अगंबाई, भाऊसाहेब, किती दिवसांनी," पलीकडून आवाज आला. "टाकले की पाच-सहा. तीन जुलाब, दोन जुलाब असले. तुमच्याकडून काहीच आलं नाही. म्हटलं, एवढ्या-तेवढ्यासाठी कोण येणार. मग मीही सोडून दिलं."

"बरं," भामरे म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, "जा. सांगा आत."

मला भीती वाटत होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी. मी निकुंभांना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. दहा तारखेला गावचा माणूस सांगत आल्याबरोबर, गाडी जाते तिथवर गाडीने आणि पुढे स्वतः चालत उंबरमाळला गेले होते, तीन दिवस तिथे राहून उरलेले सगळे वाचवले होते. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. भामऱ्यांना."

"सह्या झाल्या?"

"झाल्या."

"मग आता काय सांगणार, कुलथे? सही केली तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं? आणि हे एका उंबरमाळचं राहत नाही. चौसष्ट दिवस तालुका आंधळा होता असं होतं. मग पहिला नंबर कसला? तुमचे बारा तालुके कसले?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सिस्टरला मी परत घेतो. चार-सहा महिने जातील, पण घेतो. शब्द देतो तुम्हाला. तुम्ही नवीन सिम घाला आणि झाकली मूठ राहू द्या."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

दुपारी दोन वाजता आत बोलावलं. जिल्ह्याच्या मॅडम टेबलामागे, बाजूला निकुंभ, समोर वळवी सिस्टर उभ्या. भामरे फाइल घेऊन दाराशी. मॅडमनी माझी सोळा पानं एकेक करून उलटली.

"ही तुमची सही?"

"हो."

"सिस्टर म्हणतात, त्यांनी मेसेज पाठवले. फोनमध्ये दिसतायत. तुमच्याकडे आलेले नाहीत. प्रणालीत काही बिघाड होता का?"

मी पानांकडे बघत होतो. खालची तारीख तिरकी आली होती.

"मॅडम," भामरे दारातून म्हणाले, "ती पानं खरी नाहीत. ते मशीन नोव्हेंबरपासून बंद आहे."

"भाऊसाहेब, तुम्हाला विचारलेलं नाही," निकुंभ म्हणाले.

मॅडमनी हात वर केला. "बोलू द्या त्यांना. भामरे, तुम्हाला कॉम्प्युटर समजतो?"

"नाही."

"मग बंद आहे हे कसं कळलं?"

"यांनीच पाहिलंय. यांना विचारा."

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांनी मुळीच घाई केली नाही, हे मला सांगायलाच हवं. पेन खाली ठेवलं आणि थांबल्या. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. सात-आठ वेळा मारली. वळवी सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. मेसेज टाकून माणूस वाट बघतो, तशा. मला बोलायचं होतं. तोंडात शब्दसुद्धा होता, हो एवढाच. तो काही केल्या बाहेर आला नाही.

"काही सांगायचंय?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

मग त्यांनी पेन उचललं. चौकशीच्या छापील नमुन्यात एक रकाना होता, यंत्रणेतील दोष. तो रिकामा ठेवणं त्यांनाही शक्य नव्हतं. मला समोरून उलटी अक्षरं दिसत होती, तरी मी ती वाचली. निरंक.

भामऱ्यांनी फाइल टेबलावर ठेवली. मेपर्यंतच्या शिल्लक रजेचा अर्ज लिहिला आणि घरी गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. नंतर कधीच बोलले नाहीत.

याला आता चौदा वर्षं झाली. निकुंभांनी शब्द पाळला, पण सहा महिन्यांऐवजी सोळा महिने लागले, आणि सिस्टरना दुसऱ्या टोकाचं गाव मिळालं. उंबरमाळला त्या परत गेल्या नाहीत असं ऐकलं. बारा तालुक्यांचं काम मला मिळालं. ती ओळ मी बदलली. मेसेज आला नाही तर रकाना रिकामा आणि काळा दिसतो, दोन दिवस काळा राहिला की कुणीतरी फोन करायचा, असा नियम केला. रोजचं शून्यही परत आणलं. नर्सेसनी मला शिव्या घातल्या असतील. त्या रास्त होत्या. आज माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत, आणि एखादा आठवडा एकही तक्रार न येता गेला की मी त्यांना बसू देत नाही. आधी मशीन जिवंत आहे हे दाखवा, मग चहाला जा. ती पोरं मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

त्या दिवशी मात्र मी पाच वाजता माझी बॅग भरत होतो. वळवी सिस्टर दारात आल्या. हातात निलंबनाचा कागद होता, चार घड्या घातलेला.

"सर, एक विचारू?"

मला वाटलं, गप्प का बसलात असं विचारणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. नीट तपासल्याशिवाय तांत्रिक बाबतीत बोलता येत नाही, असं काहीतरी.

"बाकीच्यांचे तरी पोचतात ना आता?" त्या म्हणाल्या. "शेजारी पिंपळपाड्याला पण सुरू झालंय म्हणतात. एकच झिरा आहे दोन्ही गावांना, तेच पाणी. तिथली नर्स नवीन आहे. तिला वाटेल, मेसेज टाकला, आता गाडी येईल."

निकुंभ आतून आमच्याकडे बघत होते.

"पोचतात," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि साडेपाचची एसटी पकडायला गेल्या.

नवीन सिम सुरू व्हायला चार दिवस लागले.